अकरा हजार गाड्या आणि एक सही

१ ऑगस्ट १९१४, शनिवार. संध्याकाळी पाचच्या सुमाराला बर्लिनच्या राजवाड्यात कैसर विल्हेल्म दुसरा याने सैन्याच्या जमवाजमवीच्या हुकमावर सही केली. सहीची शाई वाळते न वाळते तोच लंडनहून राजदूत लिखनोव्स्की याची तार येऊन थडकली. जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला नाही तर इंग्लंड तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही थोपवून धरील, असा ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रे यांच्या बोलण्याचा रोख दिसतो, असं तारेत होतं. कैसरला हायसं वाटलं. एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढण्याची पाळी टळत होती. त्याने सेनाप्रमुख मोल्टकेला परत बोलावून घेतलं आणि सांगितलं, मग सगळं सैन्य पूर्वेला, रशियावरच नेऊ. मोल्टके म्हणाला, ते शक्य नाही. लाखो माणसांची मांडणी ऐन वेळी अशी फिरवता येत नाही. तिच्यामागे वर्षभराचे कष्ट आहेत, आणि ती फिरवली तर सीमेवर सैन्य पोचणार नाही, दाणागोटा नसलेला जमाव पोचेल. कैसर म्हणाला, "तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं." काका म्हणजे १८७० साली फ्रान्सला हरवणारा थोरला मोल्टके.

हा संवाद पुढे मोल्टकेनेच लिहून ठेवला, आणि त्याच्या आधारावर एक मोठा समज उभा राहिला. १९१४ साली राजांच्या आणि मंत्र्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं, रेल्वेच्या वेळापत्रकाने युरोपला फरपटत पहिल्या महायुद्धात नेलं, असा तो समज. मला तो मान्य नाही. वेळापत्रकं खरी होती, त्यांच्या अडचणीही खऱ्या होत्या. पण ती माणसांनी बनवली होती, त्यातले पर्याय माणसांनी आधीच खोडले होते, आणि शेवटचा हुकूम प्रत्येक वेळी कुणाच्या तरी सहीने सुटला होता.

त्याच संध्याकाळी सीमेवर काय घडलं तेही बघायला हवं. जर्मन योजनेतलं पहिलं काम होतं लक्झेंबर्गचे रेल्वेमार्ग ताब्यात घेणं. सातच्या सुमाराला फेल्डमान नावाच्या लेफ्टनंटची एक तुकडी मोटारीतून सीमेपलीकडे गेली आणि उल्फ्लिंगेनचं छोटं स्टेशन आणि तारघर तिने ताब्यात घेतलं. इकडे बर्लिनहून थांबण्याचा हुकूम निघाला होता. अर्ध्या तासात दुसरी मोटार आली, चूक झाली म्हणून सांगितलं आणि पहिल्या तुकडीला माघारी नेलं. म्हणजे जे थांबवताच येत नाही असं राजवाड्यात सांगितलं जात होतं, ते सीमेवर एका निरोपाने थांबलं. रात्री अकराच्या सुमाराला लंडनची तार हा गैरसमज होता हे स्पष्ट झालं, कैसरने मोल्टकेला "आता तुम्हाला हवं ते करा" असं सांगितलं, आणि तेच स्टेशन पुन्हा घेतलं गेलं. सुरू झालेलं सैन्य थांबलं, आणि थांबलेलं पुन्हा निघालं. दोन्ही वेळा सांगणारी माणसं होती.

आपल्याकडे शाळेत हा धडा दोन मथळ्यांखाली शिकवतात: मूलभूत कारणं आणि तात्कालिक कारण. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, उग्र राष्ट्रवाद ही मूलभूत. साराजेवोचा खून हे तात्कालिक. उत्तरपत्रिकेत दारूगोळ्याचं कोठार आणि ठिणगी हमखास येते, आणि मार्कही मिळतात. माझा आक्षेप असा की या मांडणीत निर्णय घेणारा माणूसच दिसेनासा होतो. कोठार आपोआप भरलं, ठिणगी आपोआप पडली, मग भडका उडणारच. युद्ध म्हणजे वळवाच्या पावसासारखी काहीतरी आभाळातून येणारी गोष्ट, असं मूल शिकतं.

ही चारही मूलभूत कारणं १९०८ मध्ये होती. त्या वर्षी ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला, रशिया संतापला, युद्ध झालं नाही. ती १९११ मध्ये होती; मोरोक्कोतल्या अगादीर बंदरावर जर्मनीने युद्धनौका पाठवली, इंग्लंड आणि फ्रान्स खवळले, युद्ध झालं नाही. १९१२-१३ मध्ये तर बाल्कनमध्ये एकामागून एक दोन प्रत्यक्ष युद्धं झाली. ऑस्ट्रिया आणि रशिया दोघांनीही सीमेवर जादा सैन्य ठेवलं. तरीही लंडनमध्ये राजदूतांची परिषद बसली आणि मोठी राष्ट्रं बाहेर राहिली. नोव्हेंबर १९१२ मध्ये रशियाचा युद्धमंत्री सुखोमलिनोव्ह ऑस्ट्रियाविरुद्ध काही जिल्ह्यांत सैन्य जमवायला निघाला होता. झारचीही संमती होती. पंतप्रधान कोकोव्त्सोव्ह आडवा आला, याने युद्ध ओढवेल असं त्याने बजावलं, आणि हुकूम निघाला नाही. ठिणगी पडली होती, एका माणसाने तीवर पाय ठेवला. १९१४ च्या जुलैत तो माणूस पदावर नव्हता. फेब्रुवारीतच त्याला दूर केलं होतं.

साराजेवोला २८ जूनला ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिपने गोळ्या घातल्या. प्रिन्सिप तेव्हा १९ वर्षांचा. हल्ल्यामागे सर्बियन लष्करी गुप्तहेरखात्यातल्या लोकांचा हात होता, ऑस्ट्रियाचा राग अनाठायी नव्हता. पण भडक्याची उपमा इथेच कोसळते, कारण त्यानंतर साडेतीन आठवडे बाहेरून बघणाऱ्याला काही घडताना दिसत नव्हतं. ५ आणि ६ जुलैला बर्लिनने व्हिएन्नाला कळवलं की सर्बियाबाबत तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. हाच तो कोरा चेक. व्हिएन्नात हंगेरीचा पंतप्रधान टिसा युद्धाला विरोध करत होता. त्याचं मन वळेपर्यंत १४ जुलै उजाडला. त्यातच कळलं की सैन्यातले पुष्कळ शिपाई पिकांच्या कापणीसाठी रजेवर गेले आहेत. त्यांना एकदम परत बोलावलं तर पिकाचं नुकसान होतं, शिवाय जगाला आधीच सुगावा लागतो. म्हणून रजा संपेपर्यंत थांबायचं ठरलं. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष प्वँकारे आणि पंतप्रधान व्हिव्हियानी तेव्हा रशियाच्या भेटीवर होते. त्यांची बोट परतीला लागली की दोन मित्रांना एकमेकांशी बसून बोलता येणार नाही, हे हेरून निर्वाणीचा खलिता २३ जुलैच्या संध्याकाळी सहाला बेलग्रेडमध्ये दिला गेला. मुदत ४८ तास. कापणीच्या रजा आणि पाहुण्यांच्या बोटीची वेळ पाहून काढलेल्या युद्धाला ठिणगी कसं म्हणायचं?

सर्बियाने २५ तारखेला मुदत संपता संपता उत्तर दिलं. बहुतेक मागण्या मान्य, काहींवर गुळमुळीत, आणि एक साफ नामंजूर: सर्बियाच्या भूमीवरच्या न्यायालयीन तपासात ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांचा सहभाग. ऑस्ट्रियाचा बेलग्रेडमधला राजदूत गीझ्ल याने ते उत्तर वाचलं, संबंध तोडत असल्याचं आधीच तयार असलेलं पत्र पाठवून दिलं आणि साडेसहाची गाडी पकडली. सामान बांधलेलं होतं. २८ जुलैला सकाळी खुद्द कैसरने ते सर्बियन उत्तर वाचलं आणि युद्धाचं कारणच आता उरलं नाही, असा शेरा मारला. ऑस्ट्रियाने फार तर बेलग्रेड ताब्यात घेऊन तिथेच थांबावं आणि बोलणी करावी, अशी त्याची सूचना होती. जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बेथमान-होल्वेग याने ती व्हिएन्नाला उशिरा पाठवली, आणि पाठवताना तिची धारही काढून टाकली. तोवर ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं होतं. बाहेर पडायची वाट उघडी होती. ती एका चॅन्सेलरच्या टेबलावर बंद झाली.

आता वेळापत्रकांकडे येतो, कारण वेळापत्रकाला दोष देणाऱ्यांचा खरा आधार तिथे आहे.

झार निकोलस २९ जुलैला आधी सार्वत्रिक जमवाजमवीला तयार झाला, मग रात्री कैसरची तार वाचून त्याने ती रद्द केली आणि फक्त ऑस्ट्रियाविरुद्धची, म्हणजे कीव्ह, ओडेसा, मॉस्को आणि कझान या चार लष्करी जिल्ह्यांची जमवाजमव ठेवली. सेनाप्रमुख यानुश्केविच आणि त्याचे अधिकारी हादरले. त्यांची अडचण अशी होती. ऑस्ट्रियाच्या सीमेचा मोठा भाग वॉर्सा जिल्ह्याला लागून होता, आणि जर्मनी बिथरू नये म्हणून नेमका तोच जिल्हा वगळला होता. एका जिल्ह्याचे राखीव शिपाई दुसऱ्या जिल्ह्याच्या पलटणींत जायचे, त्यामुळे चार जिल्हे वेगळे काढता येत नव्हते. त्यात अर्धवट जमवाजमव सुरू झाल्यावर सार्वत्रिक करायची वेळ आली तर इंजिनं आणि डबे भलत्याच जिल्ह्यांत अडकून पडलेले असणार. ३० जुलैला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने झारकडे बसून हे सगळं पटवून दिलं आणि सार्वत्रिक हुकूम मिळवला. पुन्हा रद्द करायला सांगतील म्हणून आता मी टेलिफोन मोडून टाकतो, असं यानुश्केविच म्हणाल्याचं नोंदलेलं आहे.

तांत्रिकदृष्ट्या ते अधिकारी बरोबर होते. तरी मी त्यांना दोषमुक्त करत नाही. फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध सैन्य जमवण्याची गरज पडू शकते हे रशियाला नोव्हेंबर १९१२ मध्येच कळलं होतं. त्यानंतर वीस महिने मिळाले. एवढ्या काळात त्यासाठी वेगळं वेळापत्रक बनवता आलं असतं. ते बनवलं नाही, हा निर्णयच होता. जर्मनीत तर याहून वाईट झालं. तिथे पूर्वेकडे सैन्य नेण्याची वेगळी योजना होती, दरवर्षी ती दुरुस्त होत असे. १९१३ मध्ये मोल्टकेच्या कार्यालयाने ती बंद केली. म्हणजे १ ऑगस्टला कैसरला जे अशक्य म्हणून सांगितलं, ते वर्षभर आधी सांगणाऱ्याच्याच कार्यालयाने अशक्य करून ठेवलं होतं. युद्धानंतर, १९२५ मध्ये, जर्मन सैन्याच्या रेल्वेकामातले जनरल फॉन श्टाब यांनी आकडे मांडून दाखवलं की सातपैकी चार सेना १५ ऑगस्टपर्यंत पूर्वेला नेता आल्या असत्या. मोल्टकेच्या शब्दाने दुखावलेल्या रेल्वेवाल्याने दिलेलं ते उत्तर होतं.

ही यंत्रणा किती अवाढव्य होती ते एका कोअरवरून लक्षात येईल. साधारण ४०,००० माणसांची एक कोअर हलवायला ६,०१० डबे लागत, त्यांच्या १४० गाड्या होत. अधिकाऱ्यांसाठी १७० डबे, पायदळासाठी ९६५. बाकीचे सगळे घोडे, तोफा आणि रसदीचे. अशा सुमारे ४० कोअर. एकूण ११,००० गाड्या. कलोनच्या पुलावरून २ ते १८ ऑगस्ट या काळात दर दहा मिनिटांनी एक, अशा २,१५० गाड्या ऱ्हाइन ओलांडून गेल्या. कुठे खोळंबा झाला नाही. अशी कामगिरी पाहिली की तिच्यापुढे मान तुकवावीशी वाटते, आणि नेमका तिथेच घात झाला. मंत्र्यांनी मान तुकवली.

एक महत्त्वाचा फरक नेहमी निसटतो. जमवाजमव म्हणजे युद्ध, हे समीकरण सगळ्या राष्ट्रांना लागू नव्हतं. रशियाचं सैन्य जमून सीमेवर कितीही आठवडे बसू शकत होतं. फ्रान्सने तर ३० जुलैला आपलं सैन्य सीमेपासून दहा किलोमीटर मागे ठेवण्याचा हुकूम दिला. एकट्या जर्मनीच्या योजनेत जमवाजमवीच्या पहिल्याच दिवसांत परक्या देशात घुसणं बसवलेलं होतं, कारण उजव्या बाजूच्या सेनांना बेल्जियममधून जायचं तर लिएजचा रेल्वेसांधा आधी हाती हवा. लिएजवरच्या या अचानक छाप्याची गोष्ट इतकी गुप्त ठेवली होती की चॅन्सेलरला ती ३१ जुलैला कळली. ज्या माणसाने जगाशी बोलणी करायची, त्याला आपल्याच सैन्याच्या हातात दिवस किती आहेत हे ठाऊक नव्हतं. त्याच सुमाराला बेथमान व्हिएन्नाला तडजोडीची तार करत होता आणि मोल्टके व्हिएन्नाच्या सेनाप्रमुखाला ताबडतोब रशियाविरुद्ध सैन्य जमवा म्हणून कळवत होता. ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बेर्श्टोल्टने दोन्ही तारा पाहिल्या आणि विचारलं, "बर्लिनमध्ये राज्य कोण करतं, मोल्टके की बेथमान?" त्या महिन्यात विचारला गेलेला हा सगळ्यांत नेमका प्रश्न, असं माझं मत आहे.

सगळेच सारखे दोषी, सगळेच झोपेत चालत होते, असं म्हणणारा एक मोठा वर्ग आहे. मला ते पटत नाही. व्हिएन्नाला युद्ध हवं होतं आणि बर्लिनने ते डोळे उघडे ठेवून मोकळं सोडलं. मुख्य भार या दोघांवर. सेंट पीटर्सबर्गने ३० जुलैची सही घाईने केली, आणखी दोन दिवस थांबता आलं असतं. लंडनने आपण बेल्जियमसाठी आणि फ्रान्ससाठी लढू की नाही हे स्पष्ट बोलायला फार उशीर लावला. पण ग्रे यांचं मंत्रिमंडळच दुभंगलेलं होतं, हेही लक्षात घ्यावं लागेल. ४ ऑगस्टला रात्री अकराला ब्रिटनची मुदत संपली. हिंदुस्थान त्याच क्षणी युद्धात ओढला गेला. व्हाइसरॉय हार्डिंज यांनी तसं जाहीर केलं. इथल्या कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

योजनेपुढे मान तुकवल्यावर पुढे काय होतं ते पाच आठवड्यांत दिसलं. जर्मन सैन्य रेल्वेने सीमेपर्यंत आलं आणि तिथून पुढे पायी निघालं. बेल्जियन लोकांनी पूल आणि बोगदे उडवून दिले होते. ते दुरुस्त करायला २६,००० रेल्वेमजूर लावले, तरी रूळ मागेच राहिले. सगळ्यांत उजवीकडची क्लुकची पहिली सेना महिनाभर रोज वीस-बावीस किलोमीटर चालत होती. तिच्याकडे ८४,००० घोडे. त्यांना रोज सुमारे ९०० टन वैरण लागे. एवढी गाडीत घालून आणणं शक्यच नव्हतं, म्हणून घोडे शेतातलं हिरवं पीक खात, आजारी पडत, आणि मग तोफा मागे राहत. जर्मन सैन्याकडे ४,००० च्या आसपास मोटारलॉऱ्या होत्या. मार्न नदीपर्यंत येता येता त्यातल्या निम्म्याहून जास्त मोडल्या होत्या. मोल्टके लक्झेंबर्गमध्ये बसून होता, बिनतारी संदेश तासन् तास उशिरा पोचत. समोर फ्रेंच सेनापती जॉफ्रच्या मागे फ्रान्सचे रेल्वेमार्ग शाबूत होते. त्याने लॉरेनकडच्या आघाडीवरून सैन्य काढून गाड्यांनी पॅरिसच्या बाजूला आणलं आणि क्लुकच्या बगलेवर घातलं.

मार्नच्या या लढाईत पुढच्या चार वर्षांचं गणित आहे. हल्ला करणारा पायी पुढे जातो, आपल्या रुळांपासून दूर जातो, आपल्याच तोफांनी उखडलेल्या चिखलातून रसद ओढतो. बचाव करणारा गाडीने येतो. भगदाड पडलं तरी ते बुजवायला राखीव सैन्य आधी पोचतं. फ्रान्समधल्या सोम नदीच्या काठी ब्रिटिशांनी आठवडाभरात पंधरा लाख तोफगोळे टाकले, आणि १ जुलै १९१६ या एका दिवसात त्यांची ५७,४७० माणसं पडली, त्यातली १९,२४० मेली. गोळ्यांतले पुष्कळ फुटलेच नाहीत. जे फुटले त्यांतही श्रॅपनेल, म्हणजे हवेत फुटून बारीक गोळ्या उधळणारे, फार होते. त्याने काटेरी तार नीट तुटत नाही आणि खोल भुयारातला माणूसही मरत नाही. सप्टेंबर १९१४ मध्येच हे गणित मांडता आलं असतं. तसं मांडून थांबण्याऐवजी प्रत्येक सरकारने आपल्या मागण्या वाढवल्या.

तोच प्रकार ९ जानेवारी १९१७ ला प्लेसच्या किल्ल्यात, जर्मन सैन्याच्या मुख्यालयात, पुन्हा घडला, आणि माझ्या मते युद्धाचा निकाल तिथे लागला. नौदलप्रमुख होल्ट्सेनडॉर्फने डिसेंबरात एक लांबलचक टिपण दिलं होतं. पाणबुड्यांनी दरमहा ६ लाख टन जहाजं बुडवली तर पाच महिन्यांत, पुढच्या सुगीआधी, इंग्लंड शरण येईल. अमेरिकेत १९१६ चं पीक कमी आलं होतं. म्हणजे इंग्लंडला गहू अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थानातून, लांबच्या वाटेने आणावा लागणार, जहाजं जास्त लागणार. तटस्थ देशांची जहाजं घाबरून बंदरातच बसतील. अमेरिका युद्धात उतरेल, पण तिचा एकही शिपाई युरोपच्या भूमीवर पाय ठेवणार नाही, याची मी अधिकारी म्हणून हमी देतो. बेथमानला हे पटलं नव्हतं. पण लष्कर आणि नौदल दोघंही एका बाजूला, टिपणात आकडे आणि तक्ते. तो म्हणाला, सेनाधिकाऱ्यांना हे आवश्यक वाटत असेल तर मी विरोध करू शकत नाही. १ फेब्रुवारीला मोहीम सुरू झाली.

पाणबुड्यांनी आपला आकडा गाठला, हे विसरता कामा नये. एप्रिल १९१७ मध्ये साडेआठ लाख टनांच्या वर जहाजं बुडाली. गणित सपशेल चुकलं ते दुसऱ्या टोकाला. इंग्लंडमधला माणूस आज जे खातो तेच उद्याही खाईल, असं त्यात गृहीत होतं. प्रत्यक्षात तिथे कुरणं नांगरून गहू-बटाटे लावले, पिठात कोंड्याचं प्रमाण वाढवलं, चैनीच्या मालाची जहाजं धान्याकडे वळवली. मे महिन्यापासून जहाजं तांड्याने जाऊ लागली. समुद्र एवढा मोठा की वीस जहाजांचा तांडा एकट्या जहाजापेक्षा फारसा सहज सापडत नाही, आणि सापडलाच तर पाणबुडीला एखाददुसरा नेम धरायला मिळतो, तोवर सोबतच्या विनाशिका अंगावर येतात. तांड्यातल्या जहाजांचं बुडण्याचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं.

आणि ज्याचा तक्ताच नव्हता अशी एक गोष्ट होती: पैसा. १९१६ संपताना ब्रिटनजवळचे डॉलर संपत आले होते. नोव्हेंबरात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने आपल्या बँकांना दोस्त राष्ट्रांच्या (ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांचे साथी) बिनतारण कर्जाबद्दल सावध केलं होतं. जर्मनीने आणखी काही महिने नुसती कळ काढली असती तर शत्रूची खरेदीच आटली असती. तिने अमेरिकेलाच युद्धात आणलं, ६ एप्रिलला अमेरिकेने युद्ध पुकारलं, आणि दोस्तांना अमेरिकन सरकारचं कर्ज खुलं झालं. नोव्हेंबर १९१८ पर्यंत फ्रान्समध्ये अमेरिकेचे वीस लाख सैनिक उतरलेले होते.

आता दीड वर्ष मागे, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये, तेव्हा तुर्कांच्या ताब्यात) जावं लागेल, कारण ही चूक फक्त जर्मनांची नव्हती आणि तिची किंमत आपल्या लोकांनी मोजली. १९१५ मध्ये तैग्रिस नदीने वर सरकणारी फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात ११७ वी मराठा, १०३ री आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री अशा तीन मराठा पलटणी होत्या. सेनापती टाउनशेंडने २८ सप्टेंबरला कुट घेतलं आणि तिथेच थांबावं, पुढे जायला सैन्य अपुरं आहे, असं वर कळवलं. त्याचा वरिष्ठ निक्सनला बगदाद हवं होतं. लंडनचं मंत्रिमंडळ तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेच्या अपयशाने बेजार होतं, त्याला कुठेतरी विजय दाखवायचा होता. ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली.

अडचण नदीची होती. बसऱ्याच्या बंदरात धक्केच नव्हते. समुद्री जहाजांवरचा माल स्थानिक गलबतांत उतरवून घ्यावा लागे. वर जायला रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही. उन्हाळ्यानंतर तैग्रिसचं पाणी उतरतं, तेव्हा फक्त उथळ बुडाच्या बोटी चालतात, आणि त्या मोजक्याच होत्या. जादा बोटींची मागणी बसऱ्याहून हिंदुस्थान सरकारकडे, तिथून लंडनला, असा प्रवास करत राहिली. फौज दर मैलाला लांब जात होती आणि तीच बोट तेवढाच माल घेऊन जास्त दिवस लावत होती. बगदादजवळच्या टेसिफॉनला २२ नोव्हेंबरपासून लढाई झाली. बारा-तेरा हजारांतली साडेचार हजारांच्या वर माणसं पडली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलं आणि बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने घातलं. 'मेजिदिया' ही बोट बसऱ्याला आली तेव्हा तिच्या बाजूंवरून दोर लोंबत असल्यासारखं एका डॉक्टर-मेजरला लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती हागवणीने आजारी जखमींची वाळलेली विष्ठा आहे. त्याने हे वर कळवलं तर आधी त्यालाच दटावण्यात आलं.

डिसेंबरच्या ३ तारखेला उरलेली फौज कुटमध्ये परतली आणि वेढली गेली. टाउनशेंडने गावातलं धान्य नीट मोजलं नाही आणि थोडेच आठवडे पुरेल असं कळवलं. त्यामुळे सोडवायला येणाऱ्या एल्मरने अर्ध्या तयारीनिशी जानेवारीत हल्ले केले आणि हजारो माणसं गमावली. नंतर घराघरांत झडती घेतल्यावर जवाचे मोठे साठे सापडले आणि वेढा एप्रिलअखेरपर्यंत तगला. ही मोजणी पहिल्याच आठवड्यात झाली असती तर मदतीच्या फौजेला पुरेसा वेळ मिळाला असता. फ्रान्समधून आणलेल्या ताज्या पलटणीही बसऱ्याला पोचल्या होत्या, पण त्यांना वर न्यायला बोटी नव्हत्या. शेवटच्या आठवड्यात 'जुल्नार' नावाची आगबोट २७० टन अन्न घेऊन रात्री निघाली आणि तुर्कांनी नदीत आडव्या बांधलेल्या तारदोरात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला, १४७ दिवसांनी, तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली. त्यांना सोडवताना मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची संख्या २३,००० होती.

जून १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. बोटी नाहीत हे सिमल्याला माहीत होतं, लंडनलाही कळवलेलं होतं. तरी परवानगीच्या तारेत प्रश्न सैन्याच्या संख्येचा होता, बोटींचा नव्हता.

बगदाद शेवटी पडलं, ११ मार्च १९१७ ला. जनरल मॉडने घाई केली नाही. आधी बसऱ्याला धक्के बांधले, नदीकाठाने रेल्वे टाकली, उथळ बुडाच्या बोटी शेकड्यांनी आल्या, मगच फौज हलली. टाउनशेंड तेव्हा इस्तंबूलजवळच्या एका बेटावर पाहुण्यासारखा राहत होता. पूना डिव्हिजनचे जे शिपाई वाळवंटातल्या पायपिटीतून जगले होते, त्यातले पुष्कळजण रास-अल-ऐनला, बगदादकडे येणाऱ्या तुर्कांच्या रेल्वेवर, खडी आणि रूळ वाहत होते.